ड संचातले अळीव

सतरा वर्षं ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला पाच वर्षं घरी बसवलं, तर ती घरालाच प्रयोगशाळा समजायला लागते. मृणालिनीचं तसंच झालं होतं. डाळींच्या डब्यांवर नावं, मसाल्यांवर तारखा, आणि नवऱ्याच्या मोज्यांच्या खणावर 'जोडीने ठेवणे' अशी चिठ्ठी. हृषीकेश बिचारा निमूटपणे मोजे जोडीनं ठेवायचा. ॲथलोनच्या टेलिकॉम कंपनीत त्याला नोकरी लागली म्हणून तर ती नागपूरची पर्मनंट नोकरी सोडून आयर्लंडला आली होती. तेव्हा चिठ्ठ्या सहन करणं त्याला भागच होतं.

इथं शिक्षक म्हणून नोंदणी व्हायला इतके कागद लागले, की तेवढ्यात एखादीची पीएचडी झाली असती. शेवटी २०२१ च्या जानेवारीत गावाबाहेरच्या एका शाळेत, बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी तिला काम मिळालं. पाचव्या वर्षाचा वर्ग, म्हणजे आपली अकरावी. मृणालिनीनं नवा कोट घेतला, डबा घेतला, शाळेपर्यंतचा रस्ता दोनदा गाडी चालवून पाहून ठेवला. आणि शाळा उघडायला चार दिवस उरले असताना सरकारनं जाहीर केलं, की कोविडमुळे शाळा बंदच राहतील. कोट कपाटात गेला आणि बाई जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉपसमोर बसली.

मुख्याध्यापक मिस्टर गेराटी हे भले गृहस्थ. कुठल्याही संकटावर त्यांचं एकच औषध होतं, "ग्रँड, ग्रँड," म्हणजे सगळं झकास. त्यांनी पहिल्याच फोनवर सांगून टाकलं, "रजेवरच्या बाई काही परत येत नाहीत असं दिसतंय. उन्हाळ्यापर्यंत तुमचं नीट चाललं, तर मी त्या जागेसाठी दुसरं कुणी शोधणार नाही."

त्या एका वाक्यावर मृणालिनी त्या रात्री झोपली नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी कुणाला तरी ती पुन्हा शिकवणारी बाई म्हणून हवी होती. ही जागा तिला हवी होती. पगार घरात येत होताच, पण ज्या नावानं तिला अर्धं नागपूर ओळखायचं ते 'मॅडम' इथं कुठं हरवलं ते तिला पाच वर्षं सापडलं नव्हतं.

वर्ग ऑनलाइन असला तरी प्रयोग काही सुटत नव्हते. शाळेनं प्रत्येक मुलाच्या घरी पोस्टानं एक पाकीट पाठवलं होतं: चार छोट्या प्लास्टिकच्या डब्या, कापूस, आणि क्रेसच्या बियांची पुडी. बी रुजायला काय काय लागतं तो प्रयोग. अ डबीत पाणी, हवा, ऊब सगळं. ब मध्ये पाणी नाही. क मध्ये उकळून गार केलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, म्हणजे हवा नाही. ड मध्ये सगळं आहे, पण ती ठेवायची फ्रिजमध्ये. मृणालिनीनं आपली पुडी उघडली आणि तिला हसू आलं. क्रेस क्रेस म्हणून इतकी वर्षं जे दुकानात पाहिलं ते अळीव निघालं. सानिका झाली तेव्हा आईनं ज्याचे लाडू खाऊ घालून तिला नको जीव करून सोडलं होतं, तेच अळीव.

आता मुलांना हे घरच्या घरी जमणार कसं? बाईंनी कंबर कसली. चार दिवस बसून तिनं एक नमुना जर्नल तयार केलं. उद्देश, साहित्य, कृती, आकृती, निरीक्षण, निष्कर्ष. आकृत्या एचबी पेन्सिलीनं, शेडिंग न करता, नावं उजव्या बाजूला पट्टीनं रेघ मारून. अंकुराचं मूळ इतकं सुबक की हात लावून पाहावंसं वाटावं. आणि निरीक्षणाच्या तक्त्यात स्वच्छ अक्षरात आकडे: अ, वीसपैकी एकोणीस. ब, शून्य. क, शून्य. ड, शून्य.

हे आकडे कुठून आले असं तिला कुणी विचारलं असतं, तर ती चकित झाली असती. कुठून म्हणजे? येतातच तसे. आपल्याकडे प्रयोग आधी जर्नलमध्ये होतो आणि जमलं तर नंतर टेबलावर. गेल्या वर्षीचं चांगलं जर्नल कपाटात असतं, त्यावरून यंदाची मुलं लिहितात, आणि बाहेरून आलेले परीक्षक सह्या करून चहा पितात. नागपूरच्या प्रयोगशाळेतल्या फ्रिजमध्ये एकाही बीनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यात सरांच्या ताकाची बाटली असायची. यात कुणाला लबाडी वाटत नसे. मृणालिनीलाही नाही. वीसपैकी वीस लिहिलं तर खोटं वाटतं म्हणून एकोणीस लिहायचं, हे तर तिला तिच्या बाईंनी शिकवलं होतं.

पंधरा दिवसांनी मुलांची जर्नलं आली आणि तिला भरून आलं. चोवीस मुलं. तेवीस जर्नलं नमुन्याबरहुकूम. आयरिश पोरांनी पट्टीनं रेघा मारल्या होत्या! अ, एकोणीस. ड, शून्य. तेवीस वेळा. ती पाहून मिस्टर गेराटी म्हणाले, या शाळेत इतकी नीटनेटकी कामं त्यांनी तीस वर्षांत पाहिली नव्हती.

चोविसावं क्लोडाचं होतं. क्लोडा ही लांबच्या शेतावरची मुलगी. तिच्याकडचं इंटरनेट म्हणजे रुसलेली गाय, देईल तेव्हा देईल, म्हणून कॅमेरा कायम बंद. पडद्यावर नुसतं नाव आणि कधीतरी आवाज. तिच्या आकृत्या वाकड्यातिकड्या होत्या, कागदावर कसलासा डाग होता, आणि तक्त्यात लिहिलं होतं: अ, सतरा. ड, चौथ्या दिवशी शून्य, नवव्या दिवशी अकरा.

मृणालिनीनं मान हलवली. पोर गोंधळली. डब्यांची अदलाबदल झाली असणार. तिनं लाल अक्षरात शेरा लिहिला: 'ड संचात अंकुरण अपेक्षित नाही. काळजीपूर्वक पुन्हा करा.' रागावून नाही लिहिलं. शेवटी एक हसरा चेहरासुद्धा काढला.

दोन दिवसांनी क्लोडाचं नवं पान आलं. ड, शून्य. खाली ओळ होती, 'सॉरी मिस, आता दुरुस्त केलंय.' मृणालिनीनं 'छान' लिहिलं आणि पूर्ण गुण दिले.

फेब्रुवारीच्या मध्याला मिस्टर गेराटींचा फोन आला. त्या भागातल्या शाळांचे विज्ञान शिक्षक एकमेकांना धडे आणि साहित्य देण्यासाठी एक सामायिक फोल्डर चालवत होते. बंदीच्या काळात सगळ्यांनाच घरी करण्याजोगे प्रयोग हवे होते. मृणालिनीच्या नमुना जर्नलचा संच त्यात टाकायचा असं त्यांनी ठरवलं होतं. "वीस शाळा वापरतील," ते म्हणाले. "आणि जागेचा विषय शाळेच्या बोर्डापुढे जाईल तेव्हा मला आणखी काही सांगावंच लागणार नाही. फक्त आकृत्यांबरोबर खरे फोटो जोडा. मग एकदम ग्रँड."

त्या रविवारी मृणालिनीनं आयुष्यात पहिल्यांदा तो प्रयोग केला. मदतीला तेरा वर्षांची सानिका होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं आणि तेही अशा आयरिश हेलात, की नागपूरची आजी फोनवर म्हणायची, "पोरगी काय म्हणून राहिली, मले काही समजत नाही वो." सानिकानं वीस वीस बिया मोजल्या. भिजल्यावर त्या चिकट होऊन बोटांना लागल्या. एक डबी तिनं फ्रिजमध्ये दह्यामागे सरकवली आणि बाकीच्या प्रेसमध्ये ठेवल्या. कपाटाला ती प्रेसच म्हणायची.

मग ती लॅपटॉपवरची जर्नलं चाळत बसली. जरा वेळानं म्हणाली, "आई, हे सगळ्यांचंच नाइन्टीन कसं?"

"नीट केलं म्हणून."

"तेवीस लोकांचं? सेम नाइन्टीन?" सानिका हसली. "दॅट्स मॅड, आई."

"तू बिया मोज," मृणालिनी म्हणाली. पण तिला कुठंतरी बारीकसं टोचलं. गुरुवारी फोटो काढले तेव्हा अ डबीत अठरा कोंब आले होते. एकोणीस नाही, अठरा. तिला उगीचच अळिवाचा राग आला. ड मध्ये मात्र बिया जशाच्या तशा होत्या. फोटो झकास आले. तिनं ते संचात जोडले आणि सोमवारी पाठवू म्हणून ठेवून दिले. मग काय झालं, सोमवारी पालकांच्या मेल्सना उत्तरं देता देता दिवस गेला.

मंगळवारी संध्याकाळी ती कोथिंबीर शोधायला फ्रिजमध्ये वाकली. दह्याचं भांडं बाजूला केलं आणि मागे ती विसरलेली डबी दिसली. फेकायला म्हणून हातात घेतली. कापसावर पांढरे बारीक धागे उभे होते. तिनं चष्मा लावला. डबी खिडकीशी नेली. मुळं होती. एकेक करून तिनं मोजली. बारा.

नववा दिवस होता.

कोथिंबीर राहिली बाजूला. मृणालिनी खुर्चीवर बसली. यात काही चमत्कार नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. मूग फ्रिजमध्ये रुजत नाहीत, पुस्तकात मुगाचं लिहिलेलं असतं, आणि तिनं मुगाचं निरीक्षण अळिवाच्या तक्त्यात टाकलं होतं. अळीव हे थंडीचं पीक. शेतकऱ्याच्या घरातल्या पोरालाही ठाऊक असतं. गारठ्यात ते उशिरा रुजतं, पण रुजतं. एमएस्सीला पहिली आलेल्या बाईनं एकदा तरी डबी फ्रिजमध्ये ठेवली असती तर तिलाही कळलं असतं.

मग तिला क्लोडाची आठवण झाली. नवव्या दिवशी अकरा. त्या पोरीला दिसलं तेच तिनं लिहिलं होतं. चोविसांत एकटीनं. आणि नऊ दिवसांचा प्रयोग दोन दिवसांत दुरुस्त होऊन आला, तेव्हा आपण काय केलं? 'छान' लिहिलं. पूर्ण गुण दिले. खरं लिहिलं तेव्हा लाल शेरा आणि खोटं लिहिलं तेव्हा शाबासकी. ती स्वतःच्या नकळत पुटपुटली, "शिकवलंस बाई, चांगलं शिकवलंस."

हृषीकेश ऑफिसच्या कॉलवरून उठून आला. त्याला तिनं सगळं सांगितलं. तो माणूस समंजस होता, आणि समंजस माणसांचे सल्ले नेहमी गोत्यात आणतात.

"तू कायले टेन्शन घेऊन राहिली?" तो म्हणाला. "चौथ्या दिवसाचा फोटो आहे ना? त्यात शून्यच आहे. 'चौथ्या दिवशी शून्य' असं लिही आणि पाठवून दे. खोटं कुठं आहे त्यात?"

खोटं नव्हतंच. मृणालिनीनं तसं वाक्य लिहूनही पाहिलं. छान बसत होतं. वीस शाळांत कुणी विचारलं नसतं, बोर्डात कुणी विचारलं नसतं, आणि उन्हाळ्यानंतर ती त्या शाळेची कायमची बाई झाली असती.

"आणि तेवीस पोरांचे एकोणीस?" तिनं विचारलं.

"ते पोरांचं पोरांनी पाहावं."

"पोरांनी माझं पाहूनच लिहिलं रे."

हृषीकेशनं तिच्यासमोरची खुर्ची ओढली. मग म्हणाला, "जागा जाईल, मृणाल." त्याच्या आवाजात उपदेश नव्हता, काळजी होती. गेली पाच वर्षं त्यानं तिला डब्यांवर लेबलं लावताना पाहिलं होतं.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. रडून झाल्यावर तिनं भाजी फोडणीला टाकली. कोथिंबिरीशिवाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मिस्टर गेराटींना फोन केला. काहीही लपवलं नाही. नमुन्यातले आकडे कधी मोजलेलेच नव्हते, मुलांनी ते उतरवले, एका मुलीनं खरं लिहिलं ते आपण चूक ठरवलं. संच फोल्डरमध्ये टाकू नका, आणि वर्गाचा हा प्रयोग पुन्हा करावा लागेल.

या वेळी 'ग्रँड' आलं नाही.

"हे प्रयोगांचे कागद शाळेला सांभाळून ठेवावे लागतात," ते म्हणाले. "उद्या कुणी तपासायला मागितले तर? मी ते सगळ्यांना दाखवत फिरलोय."

"हो."

"तुम्ही बोलला नसता तर कुणाच्या लक्षात आलं नसतं."

"हो. म्हणूनच."

त्यांनी सुस्कारा टाकला. "पुन्हा करून घ्या. माझ्या अहवालात मला हे लिहावं लागेल, मृणालिनी. आणि जागा आता रीतसर जाहिरातीनं भरावी लागेल. अर्ज करा. इतरांसारखाच." आवाज कठोर नव्हता, पण तो आधीचाही नव्हता.

शुक्रवारी तिनं वर्गाला ती डबी कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. "मी तुम्हाला चुकीचं निरीक्षण दिलं," ती म्हणाली. "ते मी कधी पाहिलंच नव्हतं. क्लोडानं पाहिलं होतं. तिचं बरोबर होतं आणि मी तिला चूक म्हटलं. क्लोडा, मी माफी मागते." एका मुलानं विचारलं, म्हणजे गुण जाणार का? ती म्हणाली, गुण जातील, पुन्हा मिळतील. क्लोडाच्या चौकोनातून फक्त दोन शब्द आले, "ओके, मिस." त्यातून काही कळेना.

दोन दिवस मृणालिनीच्या मनातून ते जाईना. पोरीचा विश्वास उडाला असेल तर तो कुठल्या शेऱ्यानं परत आणायचा? अपमान झाला तिचा. भांडलीही नाही बिचारी. का भांडली नाही?

पंधरा मार्चला पाचव्या वर्षाची मुलं शाळेत परतली. सगळ्या खिडक्या सताड उघड्या, पोरं कोट घालून बाकांवर, आणि प्रत्येकाचा अर्धा चेहरा मास्कमागे. मृणालिनीनं तो नवा कोट शेवटी घातला होता. तिनं बियांच्या पुड्या वाटल्या, तक्ते वाटले. तक्ते कोरे होते. पोरांनी कुरकुर केली, हे रिकामं का, असं विचारलं, आणि मग कामाला लागली.

घंटा झाली तरी एक उंच मुलगी मागे थांबली. बुटांना चिखल लागलेला, केस घाईत बांधलेले. "मी क्लोडा, मिस," ती म्हणाली.

जे मनात होतं तेच मृणालिनीनं विचारलं. "तू माझ्याशी भांडली का नाहीस? तुझं बरोबर होतं. तुला माहीत होतं ना?"

"होतं. फोटोपण होता."

"मग?"

क्लोडानं दप्तराचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला. "मी तो घेऊन तुम्हाला मेल लिहायला बसले होते. आईला दाखवला. आमच्याकडे तेव्हा वासरं जन्मत होती, ती गोठ्यातूनच आली होती, हातसुद्धा धुतले नव्हते. तिनं वाचलं आणि विचारलं, बाकीच्यांचं काय आलंय? म्हटलं, सगळ्यांचं शून्य, सगळ्यांनी बाईंचंच उतरवलंय. तेव्हा ती म्हणाली, मग राहू दे गं. तुझं एकटीचं अकरा मुख्याध्यापकांसमोर गेलं, तर बाईंनीच चूक केली हे उघडं पडेल. ती बिचारी नवी आहे, परमुलखातून आली आहे, किती जीव ओतून करते. तिची नोकरी जाईल." क्लोडानं पट्टा सोडला. "तुम्ही ती मुळं इतकी छान काढली होती, मिस. मला वाटलं, माझ्या एका शून्यानं काय बिघडतंय."

सतरा वर्षांत हजारो पोरांनी मृणालिनीसमोर न पाहिलेली निरीक्षणं आणून ठेवली होती, आणि तिनं त्यांवर सह्या केल्या होत्या. ती सगळी मार्कांसाठी होती. तिला सांभाळून घ्यायला म्हणून खोटं लिहिणारी ही पहिलीच पोर, आणि तीही अशी, जिला खरं दिसलं होतं. मृणालिनीचे डोळे भरले आणि मास्कमुळे चष्म्यावर धुकं आलं. ते तिनं पुसलंही नाही.

"क्लोडा," ती म्हणाली, "माझ्यासाठी असं पुन्हा करायचं नाही. कुणासाठीच नाही."

"नाही करणार, मिस." पोरगी दारापर्यंत गेली आणि वळली. "पण तुमची नोकरी राहील ना?"

काहीतरी धीराचं बोलावं असं मृणालिनीच्या अगदी ओठांवर आलं होतं. राहील गं, का नाही राहणार, तू जा.

"ठाऊक नाही," ती म्हणाली.